खरवडणाऱ्या हत्याराची धार

लाकूड कातणाऱ्यांच्या जगात स्क्रेपरला फारसा मान नाही. गोल पटाशीने लांबलचक कीस काढत लाकूड कापायचे ते खरे कसब, आणि स्क्रेपर टेकवून खरवडायचे ते नवशिक्याचे काम, असा समज इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात पक्का झाला. 1950च्या दशकात फ्रँक पेन यांच्यासारख्या जाणत्या लेखकाने कापण्याचाच पुरस्कार केला. शाळांमधून मात्र सोपे म्हणून खरवडणेच शिकवले जाई, त्यामुळे या समजाला बळच मिळाले. पण मागचा इतिहास पाहिला, तर धार लावण्याची सर्वांत काटेकोर शिस्त याच हत्याराभोवती वाढलेली दिसते. स्क्रेपरची पत घसरली ती त्याच्या धारेकडे दुर्लक्ष झाल्यावर.

लंडनच्या जोसेफ मॉक्सनने 1678पासून भागाभागाने प्रसिद्ध केलेल्या ‘मेकॅनिक एक्झरसायझेस’मध्ये मऊ लाकडाचे कातकाम वेगळे आणि कठीण लाकूड व हस्तिदंत यांचे वेगळे मानले आहे. पहिल्याला पातळ धारेच्या गोल आणि सपाट पटाश्या, दुसऱ्याला जाड, भक्कम हत्यारे. 1846मध्ये चार्ल्स होल्टझॅपफेल यांनी हाच भेद अंशांत मांडला: साठ अंशांपर्यंतच्या कोनाची हत्यारे सोलणारी, साठ ते एकशे वीस अंशांची खरवडणारी. आबनूस किंवा हस्तिदंत दाट असतो. पातळ धार त्यात रुतते, झटका बसतो, कपची उडते. बोथट कोनाची धार तिथे टिकते आणि पृष्ठभाग गुळगुळीत सोडते. थोडक्यात, हत्याराची निवड कारागिराच्या ऐपतीवर नव्हे, मालावर ठरत होती.

होल्टझॅपफेल यांच्या घराण्याने 1795पासून लंडनमध्ये नक्षीकामाची लेथ यंत्रे विकली. त्यांवरची फिरती पाती अगदी छोटी, पण तीही खरवडूनच नक्षी कोरतात. त्यांना धार लावायला गोनिओस्टॅट नावाचे साधन असे. त्यात पाते ठरावीक कोनात घट्ट धरायचे, आधी ऑइलस्टोनवर घासायचे, मग पितळी पाटावर ऑइलस्टोनची भुकटी आणि तेल लावून, आणि शेवटी ओतीव लोखंडाच्या पाटावर क्रोकस, म्हणजे लोहभस्माची बारीक लाल पूड, लावून आरशासारखी झळाळी आणायची. एवढा खटाटोप कशासाठी? कोरलेल्या नक्षीला नंतर पॉलिश पेपर लावता येत नाही. लावला की तिचे कंगोरे मरतात. म्हणजे चकाकी द्यायची ती धारेनेच, आणि धारेवरचा एकेक ओरखडा नक्षीत रेघ होऊन उमटतो.

होल्टझॅपफेल यांची बरीचशी गिऱ्हाइके श्रीमंत हौशी मंडळी होती, त्यांना वेळच वेळ होता. त्यांच्या चोचल्यांवरून धंद्याचे नियम कसे काढायचे, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे, पण मॉक्सनने नोंदवलेला भेद पोटासाठी कातणाऱ्यांचा आहे आणि तो शंभराहून जास्त वर्षे आधीचा आहे. हौशींनी त्या नियमाला फक्त टोकाला नेले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. स्क्रेपर मऊ लाकडाचे तंतू उपटतो, हे कोणीही पाहू शकतो. तो दोष खरा आहे, पण त्यातला मोठा वाटा चुकीच्या मालाचा आणि मेलेल्या धारेचा आहे. विसाव्या शतकात हस्तिदंत आणि आबनूस मागे पडले आणि मोठे वाडगे पुढे आले. कृत्रिम कुरुंदाच्या वेगवान चाकांमुळे हत्यार चाकावरून थेट लाकडावर जाऊ लागले. चाकावर घासताना धारेच्या वरच्या बाजूला पोलादाची एक बारीक कोर उठते. जुने नक्षीकार ती काढून टाकत. वाडगे कातणाऱ्याला ती हवी असते, कारण प्रत्यक्ष कापते ती तीच. काही जण चाकाची ओबडधोबड कोर दगडाने काढून कडक पोलादी दांडीने नवी, एकसारखी कोर वळवतात. ती थोड्याच वेळात झिजते. ती गेल्यावर हत्यार दाबून चालवले, की लाकूड फाटते आणि दोष मात्र स्क्रेपरच्या माथी येतो.

कोर काढायची की उठवायची, यावर दोन्ही परंपरांची उत्तरे उलट आहेत, पण प्रश्न दोघींनी एकच विचारला: या मालाला कोणती धार हवी? तो विचारण्याचे ज्यांनी सोडले, त्यांच्या हातून पटाशीनेही चांगले काम होत नाही.