पोरींची सुट्टी

आमच्या बीड जिल्ह्यात शिबिर म्हटलं की माणसाला डोळ्यांचं शिबिर आठवतं आणि छावणी म्हटलं की गुरांची चारा छावणी. म्हाताऱ्यांना मोतीबिंदूसाठी नेतात, जनावरांना दुष्काळात दावणीला नेऊन बांधतात. पण चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींना उन्हाळ्यात आठ-दहा दिवस घराबाहेर ठेवायचं, खेळू द्यायचं, बोलू द्यायचं, असंही शिबिर असतं, हे मला साठी जवळ आल्यावर कळलं.

जानेवारी २०२० मध्ये शेजारच्या उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ९३वं मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुवार्ता’ मासिकाचे बरीच वर्षं संपादक राहिलेले, वसईची हिरवळ वाचवायला रस्त्यावर उतरलेले. मी एसटीनं गेलो. जेवणाच्या रांगेत वसईकडच्या एक बाई भेटल्या, रिटायर शिक्षिका. बोलणं शेतीवरून निघालं. त्यांच्या वडिलांची केळीची आणि पानवेलीची वाडी होती.

बोलता बोलता त्यांनी शिबिराचं सांगितलं. नववीची परीक्षा झाली तेव्हा सिस्टर घरी आल्या आणि आठ दिवसांसाठी पोरीला मागून घेऊन गेल्या. मे महिना म्हणजे त्यांच्याकडं वर्षभराचा मसाला कांडायचे दिवस. मिरच्या वाळवायच्या, भाजायच्या, कुटायच्या. आजी म्हणाली, हातची पोर आत्ताच कुठं पाठवता? पण सिस्टरपुढं कुणी फार बोललं नाही.

शाळेतले बाक भिंतीला सरकवून पोरी सतरंजीवर झोपायच्या. सकाळी मिस्सा, प्रार्थना. मग गट पाडून चर्चा. दुपारी पाळीपाळीनं स्वयंपाक, संध्याकाळी खेळ, शेवटच्या रात्री शेकोटी. मी विचारलं, “मग तिथं शिकलात काय?” त्या म्हणाल्या, “तिथं मला पहिल्यांदा कुणी विचारलं, तुला काय वाटतं?”

मग त्यांनी मला विचारलं, “तुमच्याकडच्या पोरी सुट्टीत काय करतात हो?”

मी म्हणालो, “लग्न.”

त्या हसल्या नाहीत. मीही हसण्यासाठी बोललो नव्हतो.

ही शिबिराची चाल आली कुठून, हे मी नंतर जमेल तसं वाचत गेलो. १८७६ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात बिऑन नावाच्या एका पाद्र्यानं गरिबांची ६८ लेकरं उन्हाळ्यात डोंगरातल्या गावांत नेऊन ठेवली. चांगली हवा, दूध, पोटभर जेवण. त्याच साली इकडं दख्खनात पाऊस हटला आणि १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला. तिकडं लेकरं दूध प्यायला घराबाहेर पडत होती, इकडं माणसं घोटभर पाण्यासाठी. बिऑन प्रोटेस्टंट होता, पण पुढं फ्रान्समधल्या कॅथलिक चर्चनीही ही चाल उचलली.

दुसरी गोष्ट बेल्जियमची. तिथल्या जोसेफ कार्डिन या कॅथलिक फादरनं कोवळ्या वयात कारखान्यात जुंपलेल्या पोरापोरींची संघटना १९२५ साली उभी केली. पोरींची शाखा वेगळी. उपदेश करण्यापेक्षा त्यानं तीन पायऱ्या दिल्या. आधी आपल्या आजूबाजूला काय चाललंय ते पाहा, मग ते बरं की वाईट हे पारखा, आणि मग जमेल तेवढं करा. १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या परिपत्रकात ही पद्धत उचलून धरली. शाळकरी मुलामुलींसाठी निघालेल्या अशाच चळवळीतून ती आपल्या देशातल्या कॅथलिक शाळांतही आली. वसईच्या बाईंना ‘तुला काय वाटतं’ असं विचारलं गेलं, त्याची मुळी मला तिथं दिसते.

आता कुणी म्हणेल, हे तर धर्माचं काम. आहेच. पोरी चर्चला धरून राहाव्यात, एखादीनं सिस्टर व्हावं, हा हेतू त्यात असतोच. आमच्याकडंही उन्हाळ्यात वारकरी बालसंस्कार शिबिरं भरतात. हरिपाठ, पखवाज, गीतापाठ. मी माळकरी आहे, मला त्याचं कौतुक आहे. पण आमच्या भागात मी पाहिली त्या शिबिरांत पोरंच जास्त. आषाढीला बाया पंढरीला निघतात, पण त्याही लेकरं मोठी झाल्यावर, सुना घरात आल्यावर. चौदा वर्षांच्या पोरीसाठी आपण काहीच ठेवलेलं नाही.

१९७७ साली औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत वेगळा झाला, त्यात आपला बीड जिल्हाही येतो. पण इथं कॅथलिक घरं मोजकीच. अंबाजोगाईला १९८२ मध्ये डॉ. द्वारकादास लोहियांनी ‘मानवलोक’ सुरू केली, शैलाताई लोहियांनी ‘मनस्विनी’तून बायकांचं काम उभं केलं. ज्यांच्यापर्यंत ते पोचलं त्यांचं भलं झालं. पण जिल्हा मोठा आणि उन्हाळा लांब.

आमचं वर्षच वेगळ्या चाकावर फिरतं. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन टोळ्या कारखान्याला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पट्टा पडला की पाडवा ते अक्षयतृतीयेच्या मेळात माणसं गावाकडं परततात. तेव्हाच शाळेला सुट्टी लागते आणि तेव्हाच लग्नं निघतात. घरात माणसं असतात, हातात थोडा पैसा असतो. एका मांडवात दोन लग्नं उरकली की खर्च वाचतो. पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची ही आईबापाची काळजी मिटते, आणि जावयाचा कोयता पुरा होतो. कायदा १९७८ पासून अठरा वर्षं सांगतो. तरी २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायांमागं चाळिसांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं.

माझी धाकटी बहीण त्यातलीच, फक्त आधीच्या पिढीतली. सातवी झाली. १९७९ च्या उन्हाळ्यात लग्न झालं तेव्हा पंधरा वर्षांची होती. पुढं बावीस हंगाम कोयता चालवला. माहेर, सासर आणि उसाच्या फडातली कोपी सोडली तर तिनं कुठं रात्र काढली नाही.

संमेलनाहून आल्यावर मी तिला त्या शिबिराचं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “दादा, आठ दिवस? अन् पाणी आण, भाकरी टाक म्हणून त्यायला कुणीच हाक नाही मारली?”

मी म्हणालो, “स्वयंपाक त्याच करायच्या की.”

“तसं नाही,” ती म्हणाली. “आपल्या पाळीचा करायचा अन् पाळी झाली की बसायचं. तसं आपलं बसणं मला माहीतच नाही बघ.”

मला वाटतं, शिबिराची एवढी सोपी व्याख्या कुठल्या फादरनंही केली नसेल. धर्म कुठलाही असो, पोरीला वर्षातले आठ दिवस असे मिळाले की तिला आपलं वय दिसतं. ज्या पोरीनं चारचौघीत एकदा ‘मला असं वाटतं’ म्हटलं, तिला मांडवात उभं करताना घरातल्यांना दोनदा विचार करावा लागतो.

आमच्या गावच्या शाळेला मे महिन्यात कुलूप असतं. चार खोल्या, पंखे, ओट्यावर लिंबाची सावली. चावी गावातच असते. पाण्याचं एक टँकर आणि पाच-सहा शिकलेल्या बाया मिळाल्या तर वीस पोरी तिथं आठवडाभर राहू शकतात. बहिणीची नात यंदा नववीत आहे. सोयरीक विचारायला दोन घरची माणसं येऊन गेली. बहिणीनं दोघांना चहा पाजला आणि सांगितलं, “उन्हाळ्यात पोरीला सवड नाही.”