तंबूतलं रडणं

मढीला कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. पाथर्डी तालुक्यातली ऊसतोडीला गेलेली माणसं याच सुमाराला कारखान्यांवरून परतू लागतात. उचल फिटून उरलेले चार पैसे गाठीला असतात, आणि टुरिंग टॉकीजवाल्यांना ते बरोबर ठाऊक असायचं. ट्रकमधून मशीन यायचं, तंबू उभा राहायचा, मधोमध दोरी बांधायचे. एका अंगाला बाप्ये, दुसऱ्या अंगाला बाया.

विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' १९९१ साली आला. यात्रांच्या तंबूंत तो त्यानंतरही कित्येक वर्षं चालला. मी तो जमिनीवर बसून, आई आणि चुलतीच्या मध्ये पाहिला. पडद्यावर अलका कुबल सोसत होती, उषा नाडकर्णींची सासू तिला छळत होती, आणि आमच्या अंगाच्या बाया मोठमोठ्यानं रडत होत्या. सासूला शिव्या देत होत्या, तळतळाट करत होत्या.

या सिनेमाला रडका म्हणून हिणवणारे पुष्कळ निघाले. मला त्यांचं कधी पटलं नाही. माझ्या चुलतीच्या हातावर भाजल्याचा लांबच लांब डाग होता. कुणी विचारलं की ती सांगायची, चुलीपाशी लागलं. घरात तिला रडताना मी पाहिलं नव्हतं, कारण रडलं की कारण सांगावं लागतं. तंबूत कुणी कारण विचारत नव्हतं. अंधार होता, पलीकडच्या पुरुषांना दिसत नव्हतं, आणि सगळ्याच रडत होत्या. तिथं ती पदराचा बोळा तोंडात न कोंबता रडली.

पडद्यावर सासू होती, पण तंबूत आया होत्या. चुलतीची आई यात्रेला आली होती. तीही रडत होती. दोनदा माहेरी निघून आलेल्या लेकीला तिनंच 'नांदावं लागतंच बाई' म्हणून परत धाडलं होतं. त्या रात्री सासूला शिव्या मिळाल्या, नवऱ्याचं नाव मात्र कुणी घेतलं नाही. बायकोला छळणाऱ्या नवऱ्याला आणि सासरच्यांना शिक्षा देणारं कलम ४९८-अ १९८३ सालीच आलं होतं. त्याच वर्षी स्त्री मुक्ती संघटनेनं ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' रंगमंचावर आणलं. आमच्या तंबूपर्यंत यातलं काही पोचलं नव्हतं.

पुढे टीव्ही आला आणि तंबू ओस पडू लागले. मी तोवर अंगणवाडी सेविका झाले होते. 'चार दिवस सासूचे' २००१ साली ईटीव्हीवर सुरू झालं, अकरा वर्षं चाललं. बाया ते नेमानं पाहायच्या, पण रोहिणी हट्टंगडींची सासू पडद्यावर असताना शेजारी स्वतःची सासू बसलेली, दारात नवरा. सून डोळे पुसायला चुलीकडे उठून जायची. बायांना घरबसल्या करमणूक मिळाली हे खरं, पण दोरीअलीकडची ती जागा गेली. हे नुकसान कुणी मोजलं नाही, आणि मला ते फार मोठं वाटतं.

१७ जून २०१२, रविवार. टीव्हीवरच्या 'सत्यमेव जयते' कार्यक्रमाचा त्या दिवशीचा भाग घरातल्या मारहाणीवर होता. आमिर खानसमोर बसलेल्या बाया नवऱ्यांनी काय केलं ते सांगत होत्या. गावात दूरदर्शनवर तो घरोघरी लागला होता. काही घरांत मध्येच बंद केला गेला, असं मला नंतर कळलं. सोमवारी पोरांच्या वजनाचं निमित्त करून तिघी-चौघी अंगणवाडीत थांबून राहिल्या. एकीनं वजनकाट्याकडे बघतच विचारलं, 'ताई, त्या बाया बोलल्यावर परत त्याच घरी गेल्या का?'

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात बाईला राहत्या घरातून काढता येत नाही, आणि तक्रार नोंदवायला संरक्षण अधिकारी असतो. मी तिला एवढं सांगितलं. गुरुवारी ती पोराला कडेवर घेऊन आली, सोबत तिची आई होती. आईनंच विचारलं, पाथर्डीला जायला एसटी किती वाजता आहे.