‘सॅन आंद्रेआस’चे धुके आणि ‘जीटीए ५’चे आकाश

सन २००० नंतरच्या दशकात फलटण, कराड, विटा अशा गावांतील सायबर कॅफेंत दोन प्रकारची गिऱ्हाइके दिसत. परीक्षेचा निकाल पाहायला आलेली आणि तासाच्या हिशेबाने ‘व्हाईस सिटी’ खेळणारी. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ अर्थात ‘जीटीए’ मालिकेतील हा खेळ २००२ मध्ये प्ले स्टेशन २ वर आणि २००३ मध्ये संगणकावर आला. ठरलेल्या वाटेने पुढे सरकण्याऐवजी अख्ख्या शहरात मनाला येईल तसे हिंडण्याची मुभा, हे या प्रकारच्या खेळांचे वैशिष्ट्य. गुन्हेगारी हा कथेचा गाभा असल्याने खेळ प्रौढांसाठी होता. खेळत मात्र शाळकरी मुले, ही गोष्ट वेगळी.

त्या काळच्या यंत्रांच्या मर्यादा खेळात स्पष्ट दिसत. ‘व्हाईस सिटी’चा नायक पाण्यात पडला की बुडून मरे, आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना खेळ क्षणभर थांबे. २००४ च्या ‘सॅन आंद्रेआस’ने हे दोन्ही दोष दूर केले. त्यात तीन शहरे, मधली खेडी, वाळवंट आणि डोंगर होते. नायक पोहू शके, व्यायामशाळेत जाऊन पिळदार होई आणि अरबट-चरबट खाऊन लठ्ठही होई. या साऱ्या प्रदेशाची लांबी-रुंदी खेळाच्या मापाने जेमतेम सहा-सहा किलोमीटर. फलटणहून सुटलेली एसटी एवढे अंतर दहा मिनिटांत कापील. तरीही तो अफाट वाटे. प्ले स्टेशन २ ची मुख्य स्मृती अवघी ३२ एमबी होती. दूरचे दृश्य त्यात मावत नसे, म्हणून ते धुरकट धुक्याआड झाकले जाई. वळणावळणाचे रस्ते आणि हे धुके यांमुळे पुढचे शहर कोसभर दूर असल्याचा भास होई.

२०१३ चा ‘जीटीए ५’ त्याच लॉस सँटोस शहरात परतला. नायक एकाचे तीन झाले आणि समुद्राचा तळही पाहता येऊ लागला. गाडी चालवणे व नेम धरणे कितीतरी सुधारले. मोहीम फसली तर जुन्या खेळात सारे पहिल्यापासून करावे लागे. येथे मधल्या टप्प्यापासून पुढे जाता येते. मात्र तीन शहरांच्या जागी एकच उरले, टोळ्यांची इलाख्यासाठीची लढाई गेली, लठ्ठ होणेही गेले. ‘व्हाईस सिटी’ एका जीबीहून कमी जागेत मावत असे. २०१५ मध्ये संगणकावर आलेल्या ‘जीटीए ५’ला ६५ जीबी लागले. खेळाच्या २० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या, पण कथाभागाला एकही जोडकथा मिळाली नाही. कंपनीचे लक्ष इंटरनेटवरील ‘जीटीए ऑनलाइन’कडे राहिले. तेथे खेळातले चलन खऱ्या पैशांनी विकत मिळते.

नवे तेच सरस, या समजाची खरी परीक्षा २०२१ मध्ये झाली. मूळ खेळ विक्रीतून काढून रॉकस्टारने त्यांची सुधारित आवृत्ती आणली. चित्र स्वच्छ झाले, धुके हटले आणि माउंट चिलियाडच्या माथ्यावरून तिन्ही शहरे एकमेकांना खेटून उभी असलेली दिसू लागली. दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरेही चुकली होती. कंपनीला जाहीर दिलगिरी व्यक्त करून मूळ खेळ आपल्या दुकानात पुन्हा ठेवावे लागले. जुना प्रकाश आणि जुने आकाश सुधारित आवृत्तीत परत यायला नोव्हेंबर २०२४ उजाडले.

गाण्यांचे नुकसान मात्र भरून आलेले नाही. परवान्यांच्या अडचणीमुळे गाडीतल्या रेडिओवरील काही गाणी ‘व्हाईस सिटी’तून २०१२ मध्ये आणि ‘सॅन आंद्रेआस’मधून २०१४ मध्ये गळली. संपूर्ण खेळ उरला तो जुन्या अधिकृत तबकड्यांवर. आपल्याकडे फिरणाऱ्या चोरट्या प्रतींपैकी अनेकींत जागा वाचवण्यासाठी रेडिओच काढून टाकलेला असे. त्या खेळणाऱ्यांनी ही गाणी कधी ऐकलीच नव्हती.