कॉर्टिसॉल कमी निघालं तेव्हा

हॅरी फार हा ब्रिटिश सैनिक १९१५ साली शेल शॉक झाला म्हणून पाच महिने रुग्णालयात होता. बरा झाला असं ठरवून त्याला परत आघाडीवर पाठवलं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये भित्रेपणाच्या आरोपाखाली त्याच्याच लष्कराने त्याला गोळ्या घातल्या. अशा ३०६ सैनिकांना सरकारने माफी दिली ती २००६ साली! जखम दिसत नव्हती, हाच सगळा घोळ होता.

व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० मध्ये, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी पीटीएसडी हा आजार अधिकृत केला. पण तो शरीरात कुठे दिसतो का? ताण आला की कॉर्टिसॉल वाढतं, हे तेव्हा सगळ्यांना पाठ होतं. १९८६ मध्ये येलच्या जॉन मेसन यांच्या गटाने पीटीएसडी असलेल्या माजी सैनिकांच्या लघवीत ते मोजलं, तर नैराश्याच्या रुग्णांपेक्षा कमी निघालं.

त्याच सुमारास पीएच.डी. संपवून रेचल येहुदा या गटात आल्या. त्यांना हे पटेना. त्या वाढल्या क्लीव्हलंडमध्ये, होलोकॉस्टमधून वाचलेल्या अनेक कुटुंबांच्या शेजारात. मग त्या तिकडे गेल्या आणि त्या लोकांचं कॉर्टिसॉल मोजलं. ज्यांना पीटीएसडी होता, त्यांच्यात इथेही कमीच!

असं का, याचा धागा १९९३ च्या एका प्रयोगात मिळाला. गिझरचा थर्मोस्टॅट आठवा. पाणी पुरेसं तापलं की तो वीज तोडतो. मेंदूही रक्तात पुरेसं कॉर्टिसॉल दिसलं की उत्पादन थांबवायला सांगतो. येहुदांनी माजी सैनिकांना डेक्सामेथासोन या कृत्रिम स्टेरॉइडचा अगदी छोटा, ०.५ मिलिग्रॅमचा डोस दिला. पीटीएसडीवाल्यांचं कॉर्टिसॉल इतरांपेक्षा जास्त घसरलं. नैराश्यात अनेकदा याच्या उलट होतं, ते दबतच नाही. म्हणजे हा नुसता 'खूप ताण' नव्हता, थर्मोस्टॅटच जास्त हळवा झाला होता. मला हा सगळ्या कहाणीतला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

पुढचे निकाल मात्र इतके सरळ नाहीत. अनेक अभ्यासांत कॉर्टिसॉल कमी आढळलं नाही. २०१५ मध्ये येहुदांच्याच एका संशोधनावरून 'आघात जनुकांतून मुलांकडे जातो' असे मथळे झळकले. त्यात वाचलेले होते ३२ आणि त्यांची मुलं २२. एवढ्याशा डेटावर कुणी ॲपचं बटणसुद्धा बदलत नाही.

आजही पीटीएसडीचं निदान करणारी रक्ततपासणी नाही. डॉक्टर विचारतात, रुग्ण सांगतो.