आठवणींची विश्वसनीयता : ‘माझा प्रवास’च्या संदर्भात

आठवणी हे इतिहासाचे साधन असले तरी ते पारखूनच स्वीकारावे लागते. विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’ या दृष्टीने उद्बोधक आहे. १८५७च्या उठावाच्या काळात उत्तर हिंदुस्थानात फिरलेल्या गोडसे यांनी हा वृत्तांत सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिला. चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये तो संपादित स्वरूपात प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखितावर आधारलेली द. वा. पोतदार यांची आवृत्ती १९६६ मध्ये आली. अर्थात, आठवणीवर प्रथम काळाचा व नंतर संपादकाचा संस्कार झाला.

ग्रंथातील सर्व मजकूर सारख्या योग्यतेचा नाही. १८५८ मधील झाशीचा वेढा व त्यानंतरची कत्तल गोडसे यांनी स्वतः अनुभवली. याउलट, इंग्रजांनी कलकत्त्यास राजेरजवाड्यांपुढे धर्मविरोधी ८४ कलमे मांडल्याची हकीकत ऐकीव असून तिला ऐतिहासिक आधार नाही. दोन्ही गोष्टी ते सारख्याच खात्रीने सांगतात. म्हणून निवेदकाची खात्री हा सत्याचा निकष ठरत नाही. तथापि ही हकीकत त्याज्य नव्हे. घटना म्हणून ती असिद्ध असली, तरी धर्म बुडण्याची लोकांना वाटणारी धास्ती तीतून स्पष्ट होते.