मधला रूळ

आमच्या खेळण्यातल्या गाडीला मधोमध तिसरा रूळ कशासाठी, हे मला लहानपणी कोणी सांगितले नाही. उत्तर मिळाले ते सत्तरी उलटल्यावर, इंजिन उघडून बसलो तेव्हा.

बाबा मालवाहू जहाजावर इंजिनीअर होते. १९५२ साली त्यांनी लिव्हरपूलहून ही हॉर्नबी-डब्लो आणली : ‘डचेस ऑफ एथॉल’ हे तांबडे इंजिन आणि दोन डबे. इंजिनामागच्या टेंडरवर एल.एम.एस. ही अक्षरे आहेत. ती रेल्वे कंपनी १९४८मध्येच राष्ट्रीयीकरणात संपली होती. खेळण्याने तिचे नाव पुढे काही वर्षे चालवले.

लिव्हरपूल हेच या गाडीचे गाव. मेकॅनोचे जनक फ्रँक हॉर्नबी १९३६मध्ये वारले आणि १९३८मध्ये त्यांच्या कंपनीने साडेसोळा मिलिमीटर रुळांची, १२ व्होल्ट डीसीवर धावणारी ही गाडी काढली. आपल्या लोकलला वीज वरच्या तारेतून मिळते आणि रुळांतून परत जाते. इथे तारेचे काम मधला रूळ करतो. दोनच रूळ ठेवून एकात धन, दुसऱ्यात ऋण सोडले, तर धातूची चाके आणि आस मिळून शॉर्टसर्किट करतात. ते टाळायला चाके विद्युतरोधक करावी लागतात. मधल्या रुळाने ती कटकट वाचते. रूळ वळवून गाडी आल्या वाटेने उलटी परतवली, तरी शॉर्ट होत नाही. मला ही युक्ती आजही उत्तम वाटते. पण वाफेच्या इंजिनाखाली तो रूळ शोभत नाही, हेही खरेच. पन्नाशीच्या दशकात ट्राय-अँगने दोन रुळांची, प्लास्टिकची, स्वस्त गाडी आणली. हॉर्नबी-डब्लो दोन रुळांवर आली १९५९मध्ये, आणि १९६४मध्ये ट्राय-अँगच्या मालकांनी, लाइन्स ब्रदर्सनी, मेकॅनो कंपनीच ताब्यात घेतली.

आमची गाडी त्याआधीच थांबली होती. एका मे महिन्यात इंजिन एकटे धावे, डबे लावले की मान टाकी. ‘दादाने डब्यांवर वजन ठेवून मोटार जाळली’ असा निकाल लागला. दादाला मार बसला आणि गाडी माळ्यावर गेली.

यंदा मी सुकलेले तेल स्पिरिटने काढले, कम्युटेटर पुसला, कार्बन ब्रश बदलले. जुन्या कंट्रोलरची वायर हात लावताच भुगा झाली, म्हणून नवा १२ व्होल्टचा घेतला. मोटार शाबूत होती, जळल्याची खूण नाही. तरी इंजिन डबे ओढीना. शोधता शोधता कळले, की या मोटारीतला कायमचा चुंबक आर्मेचरच्या लोखंडामुळे आपली ताकद राखतो. चुंबकाच्या तोंडांवर लोखंडाची पट्टी न ठेवता आर्मेचर बाहेर काढले, की तो दुबळा होतो.

आर्मेचर मीच काढले होते. दुपारी सगळे झोपले असताना, आत काय आहे ते बघायला. मग जसेच्या तसे बसवले, म्हणून दादा मार खात असताना गप्प राहिलो.

मॅग्नेटो दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडून चुंबक चार्ज करून आणला. दिवाळीच्या आधीच्या रविवारी दादाला ठाण्याहून बोलावले आणि आधी सगळे सांगितले. तो काही बोलला नाही. कंट्रोलर स्वतःकडे ओढून घेतला, दोन्ही डबे जोडले आणि दुसऱ्या डब्यावर माझा चष्मा ठेवला.