बिल्ड दुसऱ्याच्या मशीनवर: १९७६ पासूनची गोष्ट

मागच्या महिन्यात लॅबमधल्या एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, माझा कोड बिल्ड होऊन टेस्ट संपेपर्यंत चाळीस मिनिटं जातात. क्लाउडवर मोठं मशीन भाड्याने घेतलं तर सुटेल ना हे?" मी घाईत "हो, घे" म्हणून टाकलं. नंतर ते उत्तर खटकत राहिलं. कारण हा प्रयोग मी स्वतः केलाय, आणि त्यात माझ्या थिसिसचं एक प्रकरण अडकलं होतं. ते पुढे सांगते, आधी थोडा इतिहास.

बिल्ड म्हणजे काय, हे फिजिक्सवाल्यांसाठी थोडक्यात: प्रत्येक सोर्स फाइल कंपाइल होऊन तिची ऑब्जेक्ट फाइल बनते, मग त्या सगळ्या जोडून, म्हणजे लिंक करून, चालणारा प्रोग्राम तयार होतो.

आता १९७६ सालच्या बेल लॅब्जमध्ये चला. 'याक' लिहिणारे स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी वैतागून स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत आले. अख्खी सकाळ त्यांनी एका प्रोग्राममधली चूक शोधण्यात घालवली होती, आणि ती चूक दुरुस्त केलेलीच होती! बदललेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली, म्हणून जुनीच ऑब्जेक्ट फाइल लिंक होत होती. आदल्या संध्याकाळी फेल्डमन यांचाही थोडा वेळ असाच गेला होता. त्या विकेंडला त्यांनी 'मेक' लिहून काढलं. कुठली फाइल कशावर अवलंबून आहे ते तुम्ही मेकफाइलमध्ये लिहायचं. मेक फाइलींच्या वेळा पाहतं आणि जे शिळं झालंय तेवढंच पुन्हा बनवतं.

(मेकफाइलमध्ये कमांडच्या आधी टॅबच का लागतो, स्पेस का चालत नाही, म्हणून तुम्हीही कधीतरी डोकं आपटलं असेल. काही आठवड्यांतच फेल्डमनना ते खटकलं होतं. पण तोवर डझनभर वापरणारे झाले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांची घडी मोडायला नको म्हणून टॅब तसाच राहिला. तो आपण अजून भोगतोय.)

म्हणजे मेकमागे पहिली काळजी उत्तर बरोबर येण्याची होती. पण अवलंबित्व एकदा लिहिलं गेलं की आणखी एक गोष्ट फुकटात कळते: ज्या दोन कामांचा एकमेकांशी संबंध नाही, ती एकाच वेळी करता येतात. मग ती एकाच मशीनवर तरी कशाला?

हे मनावर घेतलं बर्कलीतल्या स्प्राइट ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी. जॉन औस्टरहाउट यांचा हा गट १९८० च्या दशकात नेटवर्कने जोडलेल्या वर्कस्टेशन्सवर काम करत होता. त्यातली रिकामी मशीन हेरून 'पीमेक' त्यांच्यावर कंपाइलची कामं पाठवायचं. मशीनचा मालक परत आला की पाहुण्या कामाला काही सेकंदांत घरी धाडलं जायचं. फ्रेड डग्लिस आणि औस्टरहाउट यांचा यावरचा १९९१ चा पेपर संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी चाळावा, कारण त्यात फुशारकी नाही. कंपाइलचा वेग तीन ते सहा पट वाढला, असं ते लिहितात, आणि पुढे का अडलं तेही सांगतात: सगळी मशीन एकाच फाइल सर्व्हरच्या दारात रांग लावायची. निव्वळ गणिती सिम्युलेशनला मात्र आठ पटींपर्यंत वेग मिळाला. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशोबच हा. कामाचा दहा टक्के भाग वाटता येत नसेल, तर हजार मशीन लावा, दहा पटींच्या वर जाणार नाही.

२००२ मध्ये ऑस्ट्रेलियातून दोन छोटी साधनं आली. मार्टिन पूल यांचं 'डिस्टसीसी' आणि अँड्र्यू ट्रिजेल यांचं 'सीकॅश'. डिस्टसीसीची युक्ती मला फार आवडते. हेडर फाइलींचा मजकूर आपल्याच मशीनवर आत ओतून घ्यायचा आणि तो एकसंध मजकूर पलीकडे पाठवायचा. मग पलीकडच्या मशीनवर आपल्या हेडर फाइली नसल्या तरी चालतं, फक्त जुळणारा कंपाइलर हवा. सीकॅश त्याच मजकुराचा हॅश काढतं आणि हे काम आधी झालं असेल तर जुना निकाल हातात देतं. पाठवणं असो की न करणं, दोन्हींना आधार एकच: कामाला लागणारं सगळं काही हातात आहे, ही खात्री.

पुढचं भराभर. २००६ मध्ये ॲमेझॉनने क्लाउडवरची मशीन तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. २०१५ मध्ये गूगलने आपल्या आतल्या 'ब्लेझ'वर आधारलेलं 'बेझल' खुलं केलं. इथे टेस्टसुद्धा कंपाइलसारखंच एक काम असतं. इनपुट जाहीर करा, त्यांचा हॅश निघेल. तो आधी दिसला असेल तर निकाल सामायिक साठ्यातून येईल, नाहीतर काम दूरच्या मशीनवर जाईल. एखादं इनपुट जाहीर करायचं राहून गेलं, तर मात्र शिळा निकाल सगळ्या टीमला अतिशय वेगाने वाटला जातो. जॉन्सन यांची सकाळ, फक्त शंभर जणांची.

आता माझं. मागच्या वर्षी मी बत्तीस कोअरचं मशीन भाड्याने घेतलं आणि सिम्युलेशनच्या टेस्ट तिकडे चालवल्या. लॅपटॉपवर सगळ्या पास होत्या, तिकडे अकरा फेल. पहिला राग साहजिकच क्लाउडवर. दोन दिवसांनी कळलं की कोड माझ्या होम फोल्डरमधली एक पॅरामीटर फाइल गुपचूप वाचत होता. मेकफाइलमध्ये तिचा पत्ता नाही, गिटमध्येही नाही. नव्या मशीनवर ती नसणारच. लॅपटॉपवरची उघडून पाहिली तर ती आठ महिने जुनी, आणि त्यातलं तापमान मी केव्हाच बदललंय अशा समजुतीत होते.

त्या तापमानावर प्रकरणातले दोन आलेख उभे होते. गाइडना सांगायला एक रात्र लागली. ते एवढंच म्हणाले, "सबमिट व्हायच्या आधी सापडलं ना? मग परत चालव." फाइल रिपॉझिटरीत आणली, मेकफाइलमध्ये तिचं नाव घातलं, आणि सगळं पुन्हा चालवलं. एका आलेखात नजरेत भरण्यासारखा फरक नव्हता. दुसऱ्यातलं शिखर सरकलं, आणि त्याखालची दीड पानं मला नव्याने लिहावी लागली.

ज्युनिअरला काल परत गाठलं. मशीन घे, म्हटलं, पण पहिल्या दिवशी कोड कोऱ्या फोल्डरमध्ये क्लोन करून नुसता एकदा चालवून बघ. संध्याकाळी त्याचा मेसेज आला: तीन फाइली सापडत नाहीयेत.